मंजुळा, तेहतीसच्या वेगात

उदगीर, १० नोव्हेंबर २०२४

मंजुळाआजी, नमस्कार.

मी लखन. तुमचे थोरले भाऊ ग्यानोबा यांचा नातू, धाकट्या मुलाचा मुलगा. आपली भेट कधी झालेली नाही. मी दोनदा नांदेडला फोन केला होता, पण ‘उदगीरहून बोलतोय’ एवढं म्हटलं की तुमच्याकडून फोन बंद होतो. म्हणून पत्र लिहितो आहे. हेही अर्ध्यात ठेवून द्याल अशी भीती वाटते, तेव्हा मुख्य गोष्ट आधीच लिहितो.

तुमची रेकॉर्ड आजवर सगळ्यांनी चुकीच्या वेगानं ऐकली आहे. तुम्हीसुद्धा.

माझं शिक्षण अकरावीच्या मध्यात सुटलं. आजोबांच्या जुन्या दुकानात आता साउंड सर्व्हिस आहे, तिथं मी अँप्लिफायर दुरुस्त करतो. लिहिण्याची सवय नाही. शब्द अडला की कोश बघतो आणि मगच पुढं जातो, त्यामुळे हे पत्र तीन वेळा उतरवून काढलं आहे. तरी चूक राहिली तर ती माझी.

घरात मला तुकड्यातुकड्यांनी जे कळलं ते असं. १९७६ साली तुम्ही डाळ मिलमध्ये तूर निवडायला जायचात. हैदराबादहून तूर घ्यायला आलेल्या एका शेठनं तिथं तुमचं गाणं ऐकलं. त्यांच्या भावाची रेकॉर्डची छोटी कंपनी होती. आजोबा तुम्हाला रेल्वेनं घेऊन गेले आणि एका दिवसात गाणी भरली गेली. परतीची गाडी चुकेल म्हणून तुम्हाला टेप ऐकायलाही मिळाली नाही. ‘उदगीरची मंजुळा’ असं छापलेली मोठी तबकडी पार्सलनं आली, तोवर तुमचं लग्न होऊन तुम्ही बिलोलीला गेला होतात.

पुढं तुमच्या दिराचं लग्न निघालं. लाउडस्पीकर आजोबांचा. त्यांनी कौतुकानं वरातीत तुमची तबकडी लावली. ‘चूल पेटंना’ हे तुम्ही तुमच्या आईच्या मरणानंतर जुळवलेलं गाणं, पण ते वाजलं चिमणीसारखं, बारीक आणि भरभर. वरात त्यावर नाचली. पोरं ‘पेटंना, पेटंना’ ओरडत होती. तुम्ही आतून निरोप पाठवलात की बंद करा. लोक ‘परत लावा’ म्हणत होते, आणि आजोबांनी परत लावलं.

त्या दिवसापासून तुम्ही माहेरी आला नाहीत, आणि गायलाही नाहीत, असं वडील सांगतात. सासरी तुम्हाला चिमणीबाई म्हणायचे, हेही त्यांनीच सांगितलं. तो शब्द इथं लिहू की नको यावर मी बराच वेळ घालवला.

आता मशीनचं सांगतो. आजोबांच्या त्या वेळच्या रेकॉर्ड प्लेअरला वेग बदलायचा खटका आहे. लग्नात लहान पोरं मशीनला हात लावतात, खटका सरकवतात आणि चालू गाण्याचा विचका होतो. म्हणून आजोबांनी तो खटका पंचेचाळीसवर ठेवून त्यावर लाख ओतली होती, पत्राच्या पाकिटाला ओततात तशी. लग्नात लागायच्या त्या लहान तबकड्या पंचेचाळीसच्याच असतात, तेव्हा त्यांचं काही अडलं नाही. मोठी तबकडी त्यांच्याकडं एकच होती, तुमची. ती तेहतीसची आहे. मिनिटाला तेहतीस फेरे घ्यायची ती पंचेचाळीस घेत राहिली.

हे आजोबांना अजून माहीत नाही. त्यांची कंपनीवर श्रद्धा होती. कंपनीचा शेठ त्यांना म्हणाला होता, ‘मशीन में आवाज़ बदलती है, घबराना नक्को.’ ते घाबरले नाहीत.

आजी, लोक तुमच्या गाण्यावर नाचले नाहीत. ते आजोबांच्या लाखेवर नाचले. तो आवाज तुमचा नव्हता. तुमचा आवाज त्या तबकडीत आहे, आणि तो अजून तुम्ही स्वतः ऐकलेला नाही. तो एकदा ऐकावा, एवढंच माझं मागणं आहे.

तुमचा
लखन


उदगीर, २ डिसेंबर २०२४

मंजुळाआजी, नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. ‘अक्षर चांगलं हाय. रिकाडीचं नाव काढू नको. झालं ते झालं. अभ्यास कर.’ मी ते दुकानात काचेखाली ठेवणार होतो, पण आजोबा रोज तिथं बसतात, म्हणून पाकिटात ठेवलं आहे.

अभ्यास कर म्हणालात, म्हणून तबकडीचाच अभ्यास केला. तिचं नाव काढू नको म्हणालात ते पाळता आलं नाही.

सिंधुआत्यांचाही फोन आला होता. त्या म्हणाल्या, “अरे लखन, आईनं पत्र एकदा वाचलं, मग परत वाचलं, आणि मला म्हणाली, ‘समद्यांलाच येड लागलंय व्हय?’ पण फाडलं नाही बरं का.” मी त्यांना विचारलं की गाणं मोबाइलवर पाठवू का. त्या म्हणाल्या, पाठव. मग मीच नाही म्हणालो. मोबाइलच्या स्पीकरमधून बास गिटार ऐकू येत नाही, आणि बास गिटार गेली तर तुमच्या गाण्याचा पायच गेला. इतकी वर्षं अर्धवट ऐकलं गेलेलं गाणं पुन्हा अर्धवट कसं पाठवू? सिंधुआत्या म्हणाल्या, “तू आणि आई एकाच मातीचे दिसता.”

मला खरा वेग कसा सापडला ते सांगतो. त्यात माझं हसं आहे, पण सांगतो. मी लहानपणापासून तुमचं गाणं चिमणीच्या आवाजातच ऐकलेलं. आजोबांनी त्यांच्या मशीनवरून एक कॅसेट भरून घेतली होती. या दिवाळीआधी मी हैदराबादहून एक जुना प्लेअर आणला, त्याचे सगळे वेग चालू आहेत. त्यावर तुमची तबकडी लावली तर आवाज जड, सावकाश आला. मला वाटलं मोटार दमली. मी मशीन उघडलं, पट्टा बदलला, तेल घातलं, पुन्हा लावलं. तरी तेच. शेवटी खटका पंचेचाळीसवर सरकवला आणि ओळखीची चिमणी आली. मी खूश झालो. मशीन दुरुस्त झालं म्हणून चहा मागवला. बरोबर चाललेल्या मशीनला मी दुपारभर बिघडवत होतो.

दुसऱ्या दिवशी तबकडी साबणाच्या पाण्यानं धुतली. मधला कागद भिजू नये म्हणून त्यावर झाकण ठेवताना त्यावरचे बारीक इंग्रजी आकडे दिसले. तेहतीस आणि एक तृतीयांश. मी तबकडी पुसली आणि खटका परत सरकवला.

आता गाण्यांचं लिहितो. तुम्ही ती गायलात, पण मी ऐकली आहेत, आणि ऐकणाऱ्याला काय मिळालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पहिल्या बाजूचं पहिलं गाणं तुरीचं. सुरुवातीला नुसतं सूप ऐकू येतं. ते सूप तुम्ही उदगीरहून रेल्वेत नेलं होतं का? तूर वर उडते, सुपात पडते, आणि ती पडून झाल्यावर तुमचा आवाज येतो. लगेच नाही. मधे एक श्वास जातो. पंचेचाळीसच्या वेगावर तो श्वास जाणवतच नव्हता, म्हणून गाणं घाईचं वाटायचं. आता कळतं की घाई कुठंच नाही. बास गिटार मिलच्या पट्ट्यासारखी खाली फिरत राहते, तिच्यावर सूप, आणि तुम्ही दोघांच्या मागून येता. प्रत्येक ओळीला थोडा उशीर. मला आधी वाटलं, ताल चुकला. मग लक्षात आलं की काम करणारी बाई अशीच गाते. हात आधी, गळा नंतर.

ज्यांच्याकडून प्लेअर घेतला त्या राजशेखर यांना मी हे फोनवरून ऐकवलं. त्यांचं हैदराबादला जुन्या तबकड्यांचं दुकान आहे. गाणं संपल्यावर ते म्हणाले, “भाई, ये तो सोल है.” मला शब्द माहीत नव्हता. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत काळ्या लोकांच्या प्रार्थनेच्या गाण्यांतून आलेला हा एक प्रकार आहे, तुमची तबकडी निघाली त्याच वर्षांत तिकडं तो जोरात होता. त्यांनी मला तिकडची काही गाणी पाठवली. शब्द कळले नाहीत. पण ऑर्गन तुमच्या तबकडीतल्यासारखाच, आवाजाच्या मागं दोन पावलं. आणि गाणारी बाई तशीच उशिरा येते, जणू आधी कुठलं तरी काम हातावेगळं करून आली आहे.

तुमच्या तबकडीवर ऑर्गन वाजवणाऱ्यांचं नाव सॅम्युएल असं छापलं आहे. सिकंदराबादचे असावेत. त्यांनी ती गाणी ऐकली असतील. तुम्ही ऐकली नव्हती. तरी दोघं एका ठिकाणी येऊन भेटलात, उदगीरच्या सुपावर. याचा मी फार विचार करतो. अँप्लिफायर उघडा पडलेला असतो आणि मी याचाच विचार करत बसतो.

राजशेखर म्हणतात, ही तबकडी इंटरनेटवर टाकू, सगळं जग ऐकेल. मी थांबायला सांगितलं आहे. जगाच्या आधी तुम्ही.

‘चूल पेटंना’बद्दल आज लिहीत नाही. ते मी खऱ्या वेगात एकदाच ऐकलं आहे.

तुमचा
लखन


उदगीर, २२ डिसेंबर २०२४

मंजुळाआजी, नमस्कार.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, आणि लगेच लिहू नये हे मला कळतं. पण काल एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं कामात लक्ष लागणार नाही.

मी आजोबांना रेकॉर्ड ऐकवली.

ठरवून नाही. मला वाटत होतं, या वयात त्यांना हे कळलं तर काय होईल? त्यांना काहीच न सांगता तुम्हाला ऐकवावी, असं माझ्या मनात होतं. पण काल दुपारी ते दुकानात नव्हते म्हणून मी ‘चूल पेटंना’ लावलं, आणि ते जेवण लवकर आटोपून आले. दारात वायरची गुंतवळ हातात घेऊन उभे राहिले. गाणं तुमच्या या ओळींवर होतं:

चूल पेटंना पेटंना, फुकून दमले मी
आई तुझ्या राखंमंदी निखारा हुडकते मी

त्यांनी विचारलं, “आमच्या आयची रिकाड कवा केली?”

मी म्हणालो, “आजोबा, ही मंजुळाआजी आहे.”

“गप ए. मला मंजुळाचा आवाज ठाऊक न्हाई व्हय? ती कशी, पीं पीं करती. ही आय हाय आमची. अशीच म्हनायची जात्यावर.”

मी खटका पंचेचाळीसवर नेला. चिमणी आली. मग परत तेहतीसवर आणला. आजोबा शिकलेले नाहीत, पण त्यांचं आयुष्य मशीनमध्ये गेलं आहे. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि मग कपाटावर ठेवलेल्या त्यांच्या जुन्या प्लेअरकडं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“तेहतीस.”

“अन लाख?”

“पंचेचाळीसवर.”

ते खाली बसले. गाणं संपेपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, “मिलमदी ती अशीच म्हनायची रे. मी दारात उभा राहून ऐकायचो. पन ती रिकाड मी इतक्या डाव वाजिवली, इतक्या डाव वाजिवली, की तिचा खरा आवाज मी इसरून गेलो. मला वाटाया लागलं की ती हायच तशी.”



नंतर त्यांनी जुना प्लेअर कपाटावरून काढायला लावला, पेचकस घेतला आणि लाख खरवडायला लागले. ती इतकी जुनी आहे की काचेसारखी झाली आहे. मी म्हटलं, राहू द्या, आता ते मशीन कुठं वापरायचं आहे? ते म्हणाले, “तू तुझं काम कर.” संध्याकाळपर्यंत खरवडत होते.

त्यांनी मला सांगितलं आहे की तिला काही कळवू नको, मी रडलो म्हणून तर मुळीच नको. तेव्हा ते रडले असं मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, हे कृपया लक्षात घ्यावं.

तुमचा
लखन


उदगीर, १२ जानेवारी २०२५

मंजुळाआजी, नमस्कार.

तुमचं कार्ड आलं. ते मी दुकानात उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. आजोबांबद्दल त्यात एक शब्दही नाही हे मी पाहिलं. पण तुम्ही प्रश्न विचारला आहे. ‘सामेल साहेब शेवटाला एकलेच वाजवीत होते. ते ऐकू येतं का. का तेबी पिपाणीवानी झालं.’

ऐकू येतं, आजी. पिपाणीसारखं मुळीच नाही.

उत्तर नीट द्यावं म्हणून मी काल ‘चूल पेटंना’चा शेवट पुन्हा पुन्हा लावला. जे ऐकू येतं तेवढंच लिहितो, मनाचं घालत नाही. तुमची शेवटची ओळ अर्धी राहते. ‘निखारा’ या शब्दापर्यंत येता आणि पुढचा शब्द येत नाही. ढोलक दोन ठोके देऊन थांबतो. बास गिटारही थांबते. बहुतेक त्यांना वाटलं की चुकलं, पुन्हा घ्यावं लागणार. पण सॅम्युएल थांबत नाहीत. त्यांचा ऑर्गन एका सुरावर नुसता उभा राहतो, मग हळूच तुमच्या ओळीचा उरलेला भाग वाजवतो, जो तुम्ही गायला नाहीत. तो संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. घाई नाही, नक्षी नाही. कुणी रडत असेल तर शेजारी बसलेला माणूस कसा काही न बोलता बसून राहतो, तसं. मधे बांगड्यांचा आवाज येतो. तुम्ही पदर सारखा केला असेल. त्या आवाजावर ते थोडं हळू होतात, आणि मग सगळं विरतं.

पंचेचाळीसवर हा सगळा भाग वरातीच्या बँडच्या शेवटच्या सुरावटीसारखा वाजायचा. पोरं तिथं शिट्ट्या मारायची.

मी सिंधुआत्यांना विचारलं की आई या पत्रांबद्दल काय म्हणतात. त्या म्हणाल्या, “काही म्हणत नाही. पण परवा भांडी घासताना पुटपुटत होती. मी गेले की गप्प.” त्यांनी हे तुम्हाला सांगू नको असं म्हटलं नव्हतं, म्हणून लिहितो.

कंपनीनं ती अर्धी ओळ काढून टाकली नाही, याबद्दल मला त्या कंपनीचे आभार मानावेसे वाटतात, पण ती बंद पडून फार वर्षं झाली. राजशेखर म्हणाले की फार थोड्या तबकड्या निघाल्या होत्या आणि इकडच्या दुकानांतून त्या परत गेल्या. चांगली दुसरी प्रत त्यांनी आजवर पाहिलेली नाही. म्हणजे सॅम्युएल यांनी तुमच्यासाठी जे वाजवलं, ते बरोबर ऐकलेला माणूस बहुधा मीच, आणि आता आजोबा. ज्यांच्यासाठी वाजवलं त्यांनी ऐकायचं राहिलं आहे.

मशीन घेऊन मी नांदेडला येऊ का? तुम्ही ‘नको’ म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं, कारण ते पाळणं मला जड जाईल. पण पाळीन.

तुमचा
लखन


उदगीर, ४ फेब्रुवारी २०२५

मंजुळाआजी, नमस्कार.

मी आणि मशीन सुखरूप पोचलो. तबकडीला ओरखडा नाही.

तुमच्या कार्डावर ‘ये. एकटा ये.’ असं होतं. मी एकटा आलो नव्हतो. आजोबा सोबत होते. मशीन जड आहे, बसमध्ये धरायला कुणी तरी हवं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे ते आदल्या दिवशीच दाढी करून, स्वच्छ धोतर काढून बसले होते, आणि ‘मी वर येत न्हाई, खाली थांबतो’ एवढंच म्हणाले. मला नाही म्हणवलं नाही. तुमच्या इमारतीखाली गाड्या लावतात तिथल्या सिमेंटच्या बाकावर मी त्यांना बसवलं, आणि वर येऊन तुमच्या पाया पडलो, जणू खाली कुणी नाहीच. जेवेपर्यंत मला घाम फुटत होता. सिंधुआत्या दोनदा म्हणाल्या, “अरे पंखा लावू का, थंडीत?”

वर काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी माझ्या बाजूनं लिहितो, म्हणजे मी काही चुकीचं पाहिलं असेल तर तुम्ही दुरुस्त कराल.

पहिली बाजू होईपर्यंत तुम्ही गहू निवडत होता. मान वर केली नाहीत. मला वाटलं, ऐकत नाही आहात. मग पाहिलं की सुपाच्या ठोक्याला तुमचं ताट थांबतं आणि ठोका गेल्यावर हात परत चालतो. ‘चूल पेटंना’ लागलं तेव्हा हातही थांबला. सॅम्युएल एकटे वाजवायला लागले तेव्हा तुम्ही ताट खाली ठेवलंत. मी तुमच्याकडं बघितलं नाही, मशीनकडंच बघत राहिलो. सिंधुआत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

सुई उचलली. मला वाटलं आता तुम्ही काही तरी मोठं बोलाल. तुम्ही म्हणालात, “अजून हळू हुतंय का हे?”

मी म्हणालो, “नाही आजी, हाच बरोबर वेग आहे. कंपनीनं छापलेला.”

“कंपनीला काय कळतंय. सामेल साहेबाला सांच्याला चर्चमदी वाजवाय जायचं हुतं, त्यानं घाई केली. बिचारा चांगला हुता, पन घाई केली. मी ह्याहून सावकाश म्हनायची.”

आजी, तीन महिने मी लोकांना अचूक वेग सांगत फिरत होतो. त्या क्षणी मी एवढासा झालो. पण वाईट वाटलं नाही.

मग तुम्ही उठून खिडकी उघडलीत, परत येऊन बसलात आणि गायला लागलात. त्या वेळी मी काही मोजलं नाही, म्हणून किती सावकाश ते सांगू शकत नाही. तुमचा आवाज तबकडीतल्या आवाजाहून खाली आला आहे, खरखरीत झाला आहे, आणि तुम्ही ती अर्धी राहिलेली ओळ पूर्ण म्हटलीत. सिंधुआत्या मला जिन्यात म्हणाल्या, “माझं वय बघ. आईला गाताना आज पहिल्यांदा ऐकलं मी.”

जाताना मी विचारलं की राजशेखर यांना काय सांगू, लोकांना ऐकवायची का. तुम्ही म्हणालात, “ऐकीव की.” मी म्हणालो, “आणि परत कुणी नाचलं तर?” तुम्ही म्हणालात, “नाचू दे. जरा हळू नाचा म्हनावं.” हे मी राजशेखर यांना जसंच्या तसं कळवलं आहे.

आता जे तुम्ही पाहिलं नाही ते.

मी खाली आलो तेव्हा आजोबा बाकावर तसेच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, “पयल्या दोन्ही बाजू बारीक ऐकू आल्या. शेवटाला कुठली रिकाड लावलीस? ही आपल्याकडं नव्हती.”

मी म्हणालो, “ती रेकॉर्ड नव्हती.”

ते बराच वेळ उठले नाहीत. वर जाऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. मी चला म्हटलं, तर म्हणाले, “खिडकी उघडीच हाय अजून.” ती बंद होईल का ते बघत बसले. ती बंद झाली नाही. मग आम्ही रिक्षा केली.

सिंधुआत्यांनी मला वाटेत खायला डबा दिला होता, दोन थरांचा. नायगावच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी तो उघडला. वरच्या डब्यात दोन भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. खालच्या डब्यात एकच भाकरी, एका बाजूनं पार काळी करपलेली. मी म्हटलं, “ही सिंधुआत्यांच्या हातून जळली वाटतं. टाकून देतो.”

आजोबांनी डबा माझ्या हातातून ओढून घेतला.

“टाकतो काय येड्या? ल्हानपनी मला करपलेलीच लागायची. आय तर काठी घ्यायची, पीठ नासतो म्हनायची. मंजुळा माझ्यापायी एक भाकर मुद्दाम चुलीवर इसरायची.”

भाकरी गार होती, सकाळी भाजलेली. म्हणजे मी तुमची बेल वाजवली, पाया पडलो, घाम पुसत खोटं बसलो, त्याच्या कितीतरी आधी ती डब्यात गेली होती. मी एकटा येणार नाही हे तुम्हाला कशावरून कळलं, ते मी विचारत नाही.

आजोबांनी ती कोरडीच खाल्ली, कडेपासून सुरुवात करून, काळा भाग शेवटी. मी एक तुकडा मागितला.

ते म्हणाले, “तुझं वरच्या डब्यात हाय.”

तुमचा
लखन